वना बोरसेचं परत येणं

मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४. पिंप्राळा, जळगाव

वना सापडला.

दुपारी सव्वाबाराला फोन आला. कर्जवाल्याचा असेल म्हणून कापला, तर परत आला. हवाई दलातला अधिकारी हिंदीत बोलत होता. "तोताराम सुकदेव बोरसे? वना सुकदेव बोरसे आपके कौन थे?" मी "बडे भाई" म्हणालो आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसलो.

हिमाचलात वरच्या अंगाला एका हिमनदीवर शोधपथकाला विमानाचे तुकडे मिळाले आहेत. जवळ तीन जणांचे अवशेष. एकाच्या खिशात पगाराचं पुस्तक होतं, पानं चिकटलेली, पण नाव वाचता येतं. खात्रीसाठी सख्ख्या भावाचं रक्त लागेल.

एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात चंदीगडहून लेहकडे निघालेलं ते वाहतुकीचं विमान. आत एकवीस माणसं होती. वना चोवीस वर्षांचा, मी एकोणीसचा. आता मी चौऱ्याहत्तरचा आहे आणि तो चोवीसचाच.

ललितच्या आईला अजून सांगितलेलं नाही. ललित ऑफिसातून आला की दोघं मिळून सांगू. जिनं पंचावन्न वर्षं वाट पाहिली तिला हे कसं सांगायचं? हातपाय गळतील तिचे.

बुधवार, २५ सप्टेंबर

काल धीर झाला नाही. आज सांगितलं. ती मागच्या ओट्यावर लसूण सोलत होती. ललित म्हणाला, "आई, मोठे काका सापडले. बर्फात."

"बरं," म्हणाली. दोन पाकळ्या आणखी सोलल्या. मग विचारलं, "आखो कोन कोन सापडनं?"

मी म्हणालो, आणखी दोघं, नावं कळली नाहीत.

"त्यासना घरना लोकेसले सांगं का?"

सांगतील, म्हणालो. ती उठली, साली टाकल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. दिवसा कधी पडत नाही ती. धक्काच तसा आहे. सून सारिका डोकं दाबायला गेली, तर नको म्हणाली.

ही वही उद्या ललितच्या मुलांच्या हाती पडली तर त्यांना कळावं म्हणून लिहून ठेवतो. कोकिळेचं, म्हणजे ललितच्या आईचं, लग्न वनाशी झालं अडुसष्ट सालच्या वैशाखात. ती सतरा वर्षांची. वनाच्या दोन रजा मिळून एक्केचाळीस दिवस ती त्याच्याबरोबर राहिली. मग तार आली, विमान बेपत्ता. मेला असं सरकार म्हणेना, म्हणून आईनं तिचं कुंकू पुसू दिलं नाही. आहे असंही कोणी म्हणेना, म्हणून गावात हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना. आठ वर्षं अशी गेली. सत्त्याहत्तर साली वडिलांनी ठरवलं, हिचा तोतारामशी पाट लावून द्यायचा. मी नुकताच जळगावात मास्तर लागलो होतो. ना मांडव, ना वाजंत्री. पाच माणसांदेखत दिवेलागणीला पाट लागला. मी उठत होतो तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली, "वना उना ते हाई त्यानी शे. तू फक्त सांभाय." वना आला तर ही त्याची, तू फक्त सांभाळ.

मी हो म्हणालो.

आणि ते पाळलं. बैठकीत वनाचा फोटो मी लावला. शाळाशाळांतून मुलांना वना सांगितला. दर आठ ऑक्टोबरला, हवाई दल दिनाला, जळगाव-धुळ्याचे हवाई दलातले निवृत्त लोक जमवले, त्यांच्या आठवणींची पुस्तिका छापली. मी त्याची जागा घेतली असं तिला कधी वाटू नये, एवढंच डोक्यात होतं. पहिली काही वर्षं तर मी तिला हाकच मारली नाही. आधी वहिनी म्हणायचो, ते सुटेना. नाव घ्यायला जीभ वळेना. मग ललितची आई झाली, तेव्हा सोपं झालं.

सोमवार, ३० सप्टेंबर

रक्त देऊन आलो. दोन नळ्या. नर्सनं विचारलं, "बाबा, शुगर आहे का?" मी म्हणालो, भाऊ आहे. ती हसली.

घरी आलो तर ललितची आई फोटोखाली उभी. मला म्हणाली, "त्याना तीळ डावा गालवर व्हता का जेवना?"

डाव्या, कानाखाली, म्हणालो. फोटो उजवीकडून काढलेला आहे, त्यात दिसत नाही.

"बोले कसा? जोरमा का हयू?"

हळू बोलायचा, म्हणालो. मग मला राहवलं नाही. तासभर सांगत बसलो. पांझरेला पूर आला की पुलावरून उडी घ्यायचा, सायकलची चेन डोळे मिटून बसवायचा, भाकरीवर मिरचीचा खुडा घेऊन उभ्यानंच जेवायचा. शाळेतली मुलगी धडा ऐकते तशी ती ऐकत होती. मधेच एकदा तिचे ओठ हलले, पाठ करत असल्यासारखे. पंचावन्न वर्षांनीही त्याच्याबद्दल इतकं ऐकावंसं वाटतं! माझ्याविषयी कोणी तिला असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तिनं, कोण जाणे.

सारिका दारात उभी होती. माझ्याकडे अशी पाहत होती की मीच काही चुकलोय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

शाळेत कार्यक्रम झाला. पहिल्या वर्षी, २००४ साली, स्टेजवर एकोणीस निवृत्त होते. आज चार. एकाला ऐकू येत नाही, एकाला नातेवाइकांनी धरून बसवलेलं.

मी दरवर्षीप्रमाणे वनाची शेवटची सकाळ सांगितली. वरच्या विमानतळावर एक विमान नादुरुस्त होऊन पडलं होतं, ते उडवायला मेकॅनिक हवा होता. वना हत्यारांची पेटी घेऊन हसत हसत शिडी चढला, दारातून वळून त्यानं हात हलवला. ही हकिगत मला मुक्ताईनगरच्या मोतीलाल नेहेतेंनी दिली. वना आणि ते एकाच तुकडीत, एकाच बरॅकीत, दोघंही विमानाच्या सांगाड्याचे मेकॅनिक. वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले. हवाई दलातल्या वनाला प्रत्यक्ष पाहिलेला या भागातला हा एकच माणूस.

या वर्षी बर्फात सापडल्याचं सांगितलं तेव्हा मुलं इतकी गप्प झाली की बाहेरची रिक्षा ऐकू आली. टाळ्या पडल्या तेव्हा मोतीलालभाऊ खुर्चीतून उठले. बोलतील असं वाटलं. ते मागच्या दारानं निघून गेले. फोन उचलत नाहीत.

रविवार, १३ ऑक्टोबर

मुक्ताईनगरला जाऊन आलो.

मोतीलालभाऊ अंगणात खाटेवर होते. दम्यानं वाक्य तुटत होतं. चहा आला. मग म्हणाले, "सर, त्या दिवशी जायची पाळी माझी होती."

मला नीट कळलं नाही.

"यादीत माझं नाव होतं. मी ताप आहे म्हणून रिपोर्ट केलं. ताप नव्हता. आदल्या महिन्यात त्याच वाटेनं गेलो होतो, विमान असं आदळत होतं की मी देवाला सांगून आलो होतो, परत बसणार नाही. माझ्या जागी वनाचं नाव लागलं. सकाळी तो माझ्या खाटेवर येऊन बसला. म्हणाला, 'मोती, ताप खरा आहे का रे?' मी तोंडावर रग ओढून घेतला. त्याचे हात थरथरत होते, सर. बरॅकीमागे जाऊन ओकला. खिडकीतून दिसत होतं मला. मग तोंड धुतलं, पेटी उचलली आणि गेला. हसला-बिसला नाही तो. हात हलवला नाही. मी तर विमानापर्यंत गेलोच नव्हतो."

"मग मला तसं का सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यासमोर काय सांगू?" थोडा वेळ श्वास घेतला. "तो भ्याला होता आणि तरी गेला. मी भ्यालो आणि नाही गेलो. आता त्याला आणतील तेव्हा मला उभं राहून हे सांगायचंय. लोकांसमोर."

मी हात जोडले. म्हणालो, "भाऊ, एवढं करू नका. गाव येईल, शाळेची मुलं येतील. ओकला, थरथरला, हे शहिदाबद्दल सांगायचं का?"

"तुम्हाला खरं नको का, सर? इतिहास शिकवला ना तुम्ही?"

"त्या दिवशी नको."

ते भिंतीकडे पाहत राहिले. बसमध्ये मला वाटलं, बरोबर केलं मी. तिच्या कानावर हे जाता कामा नये. तिचा वना आहे तसा राहू दे.

रविवार, २७ ऑक्टोबर

रक्त जुळू नये असं आज सकाळी दाढी करताना मनात आलं. का आलं ते कळत नाही. आलं ते लिहून ठेवतो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जुळलं. वनाच आहे.

गावाहून सरपंच किरण गाडी घेऊन आला. पोरगा उत्साही आहे. नदीकाठच्या शाळेजवळ अंत्यसंस्कार, मग तिथंच काळ्या दगडाचं स्मारक, सव्वीस जानेवारीला अनावरण. "सर, मजकूर तुम्हीच द्या." मी चार ओळी लिहून दिल्या. शेवटची ओळ: 'पंचावन्न वर्षे पतीची वाट पाहणाऱ्या वीरपत्नी कोकिळाबाई यांच्या हस्ते अनावरण.' किरणनं मोठ्यानं वाचली आणि त्याचे डोळे भरून आले.

तो गेल्यावर सारिका म्हणाली, "नाना, आईंना विचारलंत का?"

"यात काय विचारायचं?"

"तुम्ही आहात की त्यांचे मिस्टर. मग त्या दगडावर तुम्ही कोण?"

"भाऊ," मी म्हणालो. सत्त्याहत्तर साली ठरलेलंच आहे ते. पण रात्रीच्या जेवणात मीठ लागलं नाही.

गावाहून सुनंदाअक्कांचाही फोन. माझी चुलत बहीण, ऐंशीच्या पुढची, गावातल्या विधीचा शेवटचा शब्द तिचा. तिचं म्हणणं, त्या दिवशी चितेपुढे कोकिळेनं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र उतरवायचं. चार घटकांनी वाटलं तर परत घालावं. "त्यानं सुतक कोनी फेडानं मंग?" फोनचा आवाज मोठा होता. ललितची आई समोर गहू निवडत होती. सगळं ऐकलं तिनं. मी फोन ठेवला, ती गहू निवडत राहिली.

सोमवार, ९ डिसेंबर. गावी

आज वनाला अग्नी दिला.

ओझरला विमानानं आला, तिथून हवाई दलाच्या गाडीतून. हायवेपासून गावापर्यंत पोरं मोटारसायकलींवर झेंडे घेऊन पुढे. पेटी तिरंग्यात गुंडाळलेली. बंद. उघडू नका, असं त्या अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आत फारसं काही नाही. मी खांदा दिला. वजन नव्हतंच. चौघांच्या खांद्यावर नुसतं लाकूड.

शाळेसमोर खुर्च्या, आमदार, पत्रकार. बायकांच्या बाजूला सुनंदाअक्का ताटात पाणी आणि पांढरी साडी घेऊन बसली होती. ललितची आई हिरव्या साडीत आली. आजच्या दिवशी हिरवी कशी नेसली, सारिकानं सांगायला हवं होतं. अक्का उठली, ओला हात तिच्या कपाळाकडे नेला.

तिनं अक्काचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं नाही.

"अक्का, मना मालक जित्ता शे."

माझा मालक जिवंत आहे. कॅमेरावाला पुढे आला. समोर पेटी ठेवलेली असताना तिला अजून वना जिवंतच वाटतो! इतक्या वर्षांच्या वाटेनं बाईचं मन फिरलं असणार. मी सारिकाला खुणावलं की तिला बसव. सारिका हलली नाही. ती रडत होती, आणि रडता रडता माझ्याकडेच पाहत होती.

तीन फैरी झाल्या. कडुलिंबावरचे सगळे पक्षी उठले. अधिकाऱ्यानं झेंड्याची घडी केली आणि ती दोन्ही हातांवर घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. तिनं हात पदराखालीच ठेवले. म्हणाली, "यासले द्या. यासना भाऊ शे."

अधिकाऱ्याला भाषा कळली नाही, पण ती कोणाकडे पाहते ते कळलं. घडी माझ्याकडे आली. लोकांत आवाज उठला. मागून कोणीतरी म्हणालं, वीरपत्नीनं झेंडा नाकारला.

मोतीलालभाऊ आले होते, जुन्या निळ्या कोटात, पदकं लावून. बोलले नाहीत. चिता पेटली तेव्हा त्यांनी सलाम केला आणि जाळ खाली बसेपर्यंत हात उतरवला नाही. शेवटी ललितनं जाऊन तो हळूच खाली घेतला.

मंगळवार, १० डिसेंबर

पेपरात आलंय. 'वीरपत्नीच्या वर्तनानं गावकरी नाराज.' ललित चिडला आहे, ऑफिसात चार जणांनी विचारलं म्हणे. ती स्वयंपाक करते, वाढते, बोलत नाही.

रविवार, २२ डिसेंबर

सकाळी दारात रिक्षा थांबली. मोतीलालभाऊ. एकटे, मुक्ताईनगरहून. तीन पायऱ्या चढायला पाच मिनिटं लागली. मला म्हणाले, "तुमच्याकडे नाही आलो, सर. वहिनींकडे आलोय."

मला कळलं. मी म्हणालो, "भाऊ, तिची तब्येत..."

"सांगू द्या त्यासले," ती स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली, आणि खाली भिंतीला टेकून बसली.

त्यांनी सगळं सांगितलं. ताप, रग, थरथरणारे हात, बरॅकीमागचं ओकणं. दम लागला की थांबायचे, ती थांबायची. मी खिडकीकडे पाहत होतो.

शेवटी ती म्हणाली, "भ्यायेल व्हता का तो?"

"हो वहिनी. फार."

"मंग मना सारखाच व्हता," ती म्हणाली आणि रडायला लागली. चितेपुढे रडली नाही, तार आली तेव्हाही रडल्याचं मला आठवत नाही. आता अशी रडली की शेजारच्या दारात माणसं आली. मला उलगडा होईना. वना शूर होता हे मी आयुष्यभर सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, आणि भ्याला म्हटल्यावर हे.

मोतीलालभाऊंनी तिच्यापुढे डोकं टेकवायला पाहिलं. तिनं खांदे धरले. "तुम्ही बी पोरंच व्हतात," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. ते जेवले नाहीत, पाणी पिऊन गेले.

दुपारी ती आपणहून बोलली. इतकं सलग तिला बोलताना मी ऐकलेलं नाही. ती बोलली तसंच लिहितो.

"पहिलं वरीस मी देवले सांगं, तो येवो. मंग सांगं, त्यानं मरनं तरी कयो. मंग सांगं, मरो. रोज सांगं. तुमनी माय दिवा लाये, तो येवो म्हनीसन, आन मी मांगे हुभी राहीसन सांगं, मरो, माले सोडाव. आठ वरीस. मंग तुम्ही त्याना फोटो लावा. रोज त्यानी काच मी पुसी. माले वाटे, तो देखस. ज्यानं मरन मी मांगं, तो भितवर बशीसन माले देखस."

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच लावला होता."

"माले त्यानं तोंड याद नही," ती म्हणाली. "एक्केचाळीस दिनमा मी त्याना तोंडकडे देखं बी नही. लाज वाटे. तो पोऱ्या बी लाजे."

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"इचारं कोनी?"

फोटो काढू का, मी विचारलं. राहू द्या म्हणाली, आता भीती वाटत नाही त्याची.

बुधवार, १ जानेवारी २०२५

सारिकानं तिला मोबाईलवर दगडाचा फोटो दाखवला. मजकूर कोरून तयार आहे. सारिकानं वाचून दाखवल्यावर ती माझ्याकडे आली. "ती ओय काढा. खोटी शे."

मी समजावलं. काळा दगड आहे, खोडरबरानं पुसता येत नाही. गाव आधीच नाराज. पंचवीस दिवस उरलेत.

"मी वाट नही देखी. दगडवर लिखानं का मंग?"

मी आवाज चढवला. शिक्षकाला शोभणार नाही असा. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

खरं लिहितो. ओळ काढावी असं मला वाटत नाही. गावासाठी नव्हे. ती वाट पाहत नव्हती, तर सत्तेचाळीस वर्षं मी सांभाळलं काय? कोणाची ठेव म्हणून मी या घरात पाहुण्यासारखा वागलो? ती ओळ तिच्याबद्दल खोटी असेल, पण माझं सगळं तिच्यावर उभं आहे.

सोमवार, ६ जानेवारी

मोतीलालभाऊ काल पहाटे गेले. मुक्ताईनगरला जाऊन आलो. निळा कोट घालूनच नेलं. त्यांच्या सुनेनं सांगितलं, जळगावहून आले त्या दिवसापासून शांत झोपत होते. बरॅकीतली ती सकाळ पाहिलेलं आता कोणी उरलं नाही. मीच काय तो, ऐकलेला.

येताना बसमध्ये किरणला फोन केला. म्हणालो, दगड घडवणाऱ्याला गुरुवारी बोलावून ठेव.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळच्या बसनं निघालो. मी एकटाच जाणार होतो. ललितची आई चपला घालून दारात उभी होती. मी काही विचारलं नाही, तिकिटं दोन काढली.

किरण आधी हात जोडून, मग जरा तडकून बोलला. "सर, तुम्हीच लिहून दिलं ना? लोक काय म्हणतील? आमदारांचं वाचून झालंय."

"चूक झाली म्हणावं मास्तरांची."

"पण दगडाला खड्डा पडेल."

"पडू दे."

पाथरवटानं मशीन लावलं. आवाज पार नदीपलीकडे जात असेल. आधी 'पंचावन्न' गेलं, मग 'वाट', मग तिचं नाव. पांढरी धूळ माझ्या धोतरावर, पाथरवटाच्या भुवयांवर. ती शाळेच्या पायरीवर बसून पाहत होती. पोरं भोवती जमली, शाळेतल्या मास्तरांनी आत हाकलली. वर राहिलं ते एवढंच: वना सुकदेव बोरसे, भारतीय हवाई दल, १९४५ ते १९६९. खाली काळ्या दगडात हातभर पांढरा, खरबरीत पट्टा.

किरण म्हणाला, "इथं आता काय लिहायचं?"

भीती वाटत असताना गेला, असं लिहावं हे माझ्या मनात आलं. तोंडातून निघालं नाही. मी तिच्याकडे वळलो. "काय लिहू?"

"काई नका लिखू. कोरं राहू द्या."

किरण मोटारसायकल काढून निघून गेला. सव्वीस तारखेला आम्हाला बोलावणं येईल असं दिसत नाही. सुनंदाअक्काच्या दारावरून आलो. ती ओट्यावर होती, तिनं तोंड फिरवलं.

परतीच्या बसमध्ये खिडकी तिला दिली. पारोळा गेलं. कापूस भरलेला ट्रॅक्टर पुढे, बस त्याच्या मागे रांगत होती. मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारायचं सुचलं नव्हतं असं नाही, पण उत्तर माहीत आहे असंच धरून चाललो होतो.

"सत्त्याहत्तर साली तुला कोणी विचारलं असतं, तर?"

तिला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतोय. बाहेर पाहतच म्हणाली, "नही म्हनतू मी."

मी मान हलवली. एरंडोलच्या थांब्यावर माणसं चढली, उतरली. बस सुटल्यावर ती म्हणाली, "तुम्ही बी नहीच म्हनतात."

अमळनेरला माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी होती. तिचं नाव या वहीत नाही, कुठल्याच वहीत नाही. वडिलांचा निरोप आल्यावर मी तिला एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. ललितच्या आईला हे कधीपासून माहीत आहे?

"हो," मी म्हणालो. "नाहीच म्हणालो असतो."

ती रागावलेली दिसली नाही.

हायवेवर पिंप्राळ्याच्या स्टॉपला उतरलो. रिक्षा नव्हती. माझे गुडघे बसून आखडले होते, ती माझ्यापुढे झपझप चालत निघाली. दुभाजकापाशी पोचली आणि थांबली. ट्रक जात होते, पण मधे दोनदा रस्ता अगदी मोकळा झाला होता. ती ओलांडून गेली नाही. मी जवळ जाईपर्यंत तिथंच उभी होती. रस्त्याला बिचकली असेल. मग आम्ही ओलांडला.